उंबऱ्यावरचा तांब्या

दादाने आवाज चढवला, तेव्हाच आम्हाला सगळ्यांना कळलं की बाहेरची हाक त्यालाही ऐकू आली आहे.

"पाणी द्या वं माय. घोटभर पाणी."

पोथीचा पाचवा दिवस होता. सोप्यात माझा थोरला भाऊ, दादा, पाटावर बसून वाचत होता. समोर चौरंग, त्यावर उंबरजाईची पोथी, शेजारी समई. दादाच्या एका अंगाला मी आणि तात्या गुरव, मागे गल्लीतली काही माणसं. माजघराच्या दारात बायका. रस्त्याकडचं दार अर्धं उघडं होतं आणि उंबऱ्यावर हळदीकुंकू लावलेला, पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला होता.

पाचव्या दिवशी हा तांब्या ठेवायचाच, अशी आमच्याकडे रीत. वाचन संपेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. संपलं की ते पाणी तुळशीला घालायचं. का ठेवायचा, ते मी कधी विचारलं नव्हतं. वडील ठेवायचे म्हणून दादा ठेवत होता.

बाहेर पायरीशी एक म्हातारा उभा होता. आमच्या दारावरूनच उसाच्या गाड्या कारखान्याकडे जायच्या. त्या वर्षी तोडीला बीडकडची टोळी आली होती, त्यातलाच असावा. भर दुपारी अंगावर घोंगडं घेतलेलं, तरी थरथरत होता. एका हाताने त्याने ओट्याची कड धरली होती. तांब्या त्याच्या हाताच्या अंतरावर होता. त्याने तो पाहिला, त्यावरचं हळदीकुंकू पाहिलं आणि हात मागे घेतला.

"माय, पाणी."

तात्याने हाताने 'जा, जा' अशी खूण केली. तोंडाने बोलायची सोय नव्हती. म्हाताऱ्याला वाटलं, थांब म्हणताहेत. तो पायरीवर टेकला आणि वाट बघू लागला.

बोलायची सोय का नव्हती ते सांगतो. उंबरजाई म्हणजे आमच्या ओढ्याकाठच्या उंबराखालची देवी. तिची पोथी हाताने लिहिलेली, आणि ती फक्त आमच्या घरात. मार्गशीर्षात सात दिवस ती वाचायची, रोज एक अध्याय. पहिल्याच अध्यायात नेम सांगितले आहेत. ती ओवी गावात लहान पोरांनाही पाठ होती.

आसन न सोडावे वाचिता । शब्द न काढावा ऐकता ।
उंबरा न ओलांडिता । व्रत फळे ॥

रोज वाचन सुरू करण्याआधी दादा ही ओवी म्हणायचा आणि आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघायचा. मग जो सुटायचा, तो अध्याय संपल्यावरच थांबायचा. त्याच्यासारखं भराभर आणि न अडखळता वाचणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. आमची पिठाची गिरणी होती, ती मी चालवायचो. गिरणीच्या तोंडात दाणे पडावेत तसे दादाचे शब्द पडायचे. खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या ओवीनंतर माझा डोळा लागायचा.

त्या वर्षी मात्र मी जागा होतो. त्या वर्षी पोथी आमच्यासाठी बसली होती.

माझ्या बायकोचं नाव हौसा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. आता तिसऱ्यांदा राहिलं होतं आणि चौथा महिना लागला होता, म्हणजे आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा पुढे गेलं होतं. दादानेच मला गिरणीत येऊन सांगितलं होतं, "रंगा, यंदा पोथी हौसाच्या नावानं बसवू. टिकू दे एवढं." त्याने सात दिवस गिरणी बंद ठेवायला लावली, आवाज नको म्हणून. स्वतः एकवेळ जेवत होता. कंबर धरलेली असताना जमिनीवर घोंगडी टाकून झोपत होता. हे सगळं तो आमच्यासाठी करत होता. पुढचं सांगायच्या आधी हे सांगितलं पाहिजे.

म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा हाक मारली. या वेळी नुसतं "माय" एवढंच आलं आणि पुढचं घशात राहिलं.

माजघराच्या दारात बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं तर हौसा उठून उभी. वहिनीने तिचा पदर धरला. हौसाने वहिनीची बोटं एकेक करून सोडवली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि आम्हा पुरुषमाणसांच्या मधून वाट काढत दाराशी गेली. तिने उंबरा ओलांडला. वाकून तांब्या उचलला.

"ओंजळ करा बाबा," ती म्हणाली.

आसन, शब्द, उंबरा. तिन्ही गेले.

म्हातारा प्यायला. ती वरून धार सोडत होती. निम्मं पाणी त्याच्या कोपरांवरून खाली सांडलं. दम घेऊन तो परत प्यायला. तांब्या रिकामा झाला तसा त्याने ओले हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाला, "सुखी ऱ्हा माय."

दादा थांबला नव्हता. उलट त्याचा वेग वाढला होता. कपाळावर घाम होता आणि आवाज कापत होता, पण एक अक्षर गाळलं नाही. अध्याय संपला. त्याने पोथी मिटली, कपाळाला लावली, लाल फडक्यात बांधली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "रंगा, व्रत मोडलं."

वहिनीला इतका वेळ तोंड मिटून बसायला लागलं होतं. आता तिला आवरलं नाही.

"अगं बया! दोन गेली तुझी. तिसऱ्याचा तरी इचार करायचास! ही सगळी माणसं तुझ्यापायी उपाशी बसल्यात, आणि तू देवीचा तांब्या उष्टा केलास?"

"उष्टा न्हाई केला आक्का. वरनं वतलं."

"वरनं वतलं म्हणं! कोण हुता त्यो? कुठला, कुणाचा?"

"न्हाई इचारलं."

"जरा दम धरला असतास तर अध्याय संपला असता. त्यो काय लगीच मरत हुता?"

"मला कसं कळणार आक्का? अंग तापलं हुतं त्याचं. लांबनं झळ लागत हुती."

तात्या गुरव स्वभावाने गमत्या. वातावरण हलकं करावं म्हणून तो म्हणाला, "एकेक नेम मोडणारी माणसं बघितली. तिन्ही एका दमात मोडणारी पयलीच." कोणी हसलं नाही, तसा तोही गंभीर झाला. "पर पोरी, द्यायचंच हुतं तर मागल्या दारानं जाऊन हंड्यातलं द्यायचं. देवीचा तांब्या कशाला?"

हौसाने त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच विचारायचं होतं असं मला वाटलं.

"मग त्यो तांब्या ठेवलाय कशाला तात्या?"

"कशाला म्हंजे? ठेवत्यात!"

"हौसा," दादा म्हणाला. तो तिला नावाने कधी हाक मारत नसे. "मला पोथी शिकवू नगंस."

तिने मान खाली घातली. "न्हाई भाऊजी. तुम्ही वाचत हुता, मी ऐकत हुते. एवढंच."

सगळ्यांना ते उलट बोलणं वाटलं. मलाही.

संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी करत होती. मी पाटावर बसून होतो. मी विचारलं, "का उठलीस?"

"तुम्ही ऐकत हुता न्हवं पोथी?"

"ऐकत हुतो की."

"काय हुतं आज?"

मला सांगता येईना. "देवीचं हुतं," मी म्हणालो.

"हां. देवीचंच हुतं." तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या. भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली आणि मग हात पोटावर ठेवला. "टिकंल न्हवं वं?"

"टिकंल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याच्या पाल्याची, एक मोळी पडलेली होती. हिरवीगार, नीट बांधलेली. रात्रीच्या गाड्या जाताना टोळीतलं कोणी तरी टाकून गेलं असणार. वहिनी म्हणाली, त्याला हात लावू नका. मोळी तिथेच पडून राहिली. म्हैस दावणीतून तिच्याकडे बघून हंबरायची.

राहिलेले दोन अध्याय दादाने वाचून पुरे केले. पण त्याचं मन लागत नव्हतं. सातव्या अध्यायात व्रत मोडलं तर काय करावं ते सांगितलेलं आहे. ज्याच्या हातून मोडलं, त्याने सात दिवस एकवेळ अळणी खावं, भुईवर निजावं, आणि पहाटे उंबराखालच्या ओढ्यात स्नान करून देवीला पाणी घालावं. दादा ती पानं पुन्हा पुन्हा काढून बसायचा.

"पोटुशी हाय ती," तो वहिनीला म्हणाला. मी तिथेच होतो.

"पोटुशी हाय म्हणूनच," वहिनी म्हणाली. "काय झालं म्हंजे?"

"तसं पोथीत पोटुशीला सूट काय लिवल्याली न्हाई," दादा म्हणाला. तो पान उलटून मागेपुढे बघत होता. सूट सापडावी असंच त्याला वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. "न्हाईच. जसं लिवलंय तसंच करायला पायजे. आपल्या मनानं कमी-जास्त केलं आणि कोपली तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दादा, तू म्हणशील तसं."

हौसाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "करते." आम्ही दोघंच असताना मी म्हणालो, "नसंल झेपत तर सांग." त्यावर ती म्हणाली, "मी न्हाई केलं आणि काय झालं, तर तुम्हीच म्हणाल." मी नाही म्हणणार, असं मी म्हणालो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

त्या वर्षी थंडी कडक होती. ओढ्यावर धुकं असायचं. ती पहाटे जायची तेव्हा मी कंदील घेऊन बरोबर जायचो आणि काठावर उभा राहायचो. पाण्यात उतरताना तिचे दात वाजायचे. ओल्या लुगड्याने ती देवीला पाणी घालायची आणि आम्ही परत यायचो. दुपारी एक भाकरी आणि बिनमिठाचं वरण. तेही तिला जायचं नाही.

ते सात दिवस पुरे झाले नाहीत. एका दुपारी ती परसात धुणं वाळत घालत होती, तिथेच खाली बसली.

दादाने स्वतः बैल जुंपले. गाडीत पिंजर घालून तिला निजवलं आणि तालुक्याला नेलं. वाटेत खड्डा आला की तो खाली उतरायचा आणि चाकाला हात लावून गाडी हळू काढायचा. डॉक्टरांच्या दारात त्यानेच तिला उचलून आत नेलं. मोठ्या दिराने भावजयीला हात लावायचा नसतो, हे त्याच्या त्या वेळी लक्षातही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा हात पुसत होते. "काय खात होत्या या?"

मी सांगितलं.

"आणि अंघोळ?"

तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि आधी माझ्याकडे, मग दादाकडे पाहिलं.

"असं कोणी करायला सांगितलं?"

"पोथीत हाय," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. म्हणाले, "बाई हाताला लागल्या, एवढंच समजा. पुढे दिवस राहणं अवघड आहे."

परत येताना दादा गाडीच्या जुवाशी बसून रडत होता. कासरा त्याच्या हातात होता, पण बैल आपल्या मनाने चालले होते. "रंगा, मी सांगत हुतो," तो म्हणत होता. "व्रत मोडाया नगं हुतं. नगं हुतं मोडाया." मागे पिंजरात हौसा पडून होती. ती जागी होती. दोन्ही बाजूंनी ऊस तोडलेली रानं होती, तिकडे तिचं तोंड होतं.

गावानेही तेच धरलं. तिने पोथीतून उठून तांब्याला हात लावला आणि पदरातलं गेलं. डॉक्टर जे बोलले होते, ते त्यांच्या दवाखान्यातच राहिलं. मी ते गावात कोणाला सांगितलं नाही आणि कोणी मला विचारलं नाही. पायरीवरची वाढ्याची मोळी वाळून गेली होती. शेवटी दावं सोडून म्हैस आली आणि तिने ती खाल्ली.

नंतर आम्हाला मूल झालं नाही.

काही महिन्यांनी आम्ही दोघं गिरणीच्या मागच्या खोल्यांत राहायला गेलो. भांडण नव्हतं. गिरणीवर माणूस पाहिजे, असं आम्ही म्हणालो आणि दादाही तसंच म्हणाला. हौसाला पोथीला बसायला पुन्हा कोणी बोलावलं नाही. मी जायचो, शेवटच्या दिवशी प्रसादाला.

पुढचा मार्गशीर्ष आला. पोथी बसली त्या दिवशी हौसा कुंभारवाड्यातून एक मोठा माठ घेऊन आली. रस्त्याच्या कडेला, आमच्या लिंबाखाली तिने वाळूची बैठक केली, माठ ठेवला, त्यावर फळी, फळीवर पाणी काढायला ओगराळं. रोज सकाळी माठ घासायचा आणि विहिरीवरून दोन घागरी आणून भरायचा, हा तिचा नेम सुरू झाला. तो शेवटपर्यंत चालला.

ऊसतोडीची माणसं प्यायची. दळण घेऊन येणाऱ्या बायका प्यायच्या. शाळेतली पोरं पिण्यापेक्षा सांडायची जास्त. हौसा चुलीपुढे असली आणि बाहेर कोणी खोकललं तरी उठायची. तव्यावरची भाकरी करपायची.

"अगं, ओगराळं हाय की तिथं," मी चिडायचो. "घेत्याल त्यांचं त्यांनी."

"म्हाताऱ्या माणसाला वाकता येत न्हाई," ती म्हणायची आणि जायची.

माझ्या मनात एकच होतं. ती प्रायश्चित्त करते आहे. ते सात दिवस पुरे झाले नव्हते ना, ते ती असे पुरे करते आहे. वहिनीही म्हणायची, "फेडतीया बिचारी." मला वाईट वाटायचं. तिला सांगावंसं वाटायचं की बास झालं, फिटलं आता. पण तो विषय आम्ही कधीच काढला नाही. आम्ही दळण, पाऊस, गिरणीचा पट्टा, कोणाच्या पोरीचं लग्न, असल्या गोष्टी बोलायचो. चांगलं चाललं होतं आमचं. मला तिची सवय होती आणि तिला माझी.

गेल्या आषाढात ती गेली. आजार फार लांबला नाही. दवाखान्यात मी तिच्या उशाशीच होतो, घरी गेलोच नव्हतो. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "माठाला पाणी घातलं का वं?"

"घातलं," मी म्हणालो.

ती गेल्यावर परत आलो तर माठाच्या तळाशी हिरवं साचलं होतं. मी तो ओतून दिला आणि भिंतीशी पालथा घातला. रोज बघायला नको म्हणून.

मार्गशीर्षात तात्या गुरव काठी टेकत गिरणीवर आला. तो आता पार वाकला आहे. "दादानं बोलावलंय," तो म्हणाला. "पोथी बसतीया. माणसंच न्हाईत ऐकायला. पोरं सगळी पुण्याला. तू पयल्या दिवसापास्नं बस."

मला जायचं नव्हतं. पण घरात तरी काय करणार होतो?

दादाचा एक डोळा गेलेला आहे. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं आहे, पण त्याने त्याला एका वेळी एखादाच शब्द दिसतो. हातात भिंग घेऊन, दुसऱ्या हाताचं बोट अक्षराखाली ठेवून तो वाचतो. जो माणूस अध्याय एका दमात काढायचा, तो आता एकेका ओवीला थांबत होता. सकाळी बसलेला अध्याय दुपार टळली तरी चालायचा. ऐकणारे आम्ही तिघंच. मी, तात्या, आणि माजघराच्या दारात पाय पसरून बसलेली वहिनी. तिचे गुडघे गेले आहेत.

पाचव्या दिवशी वहिनीने उंबऱ्यावर तांब्या ठेवला. हळदीकुंकू लावलं. दादाने भिंग पुसलं आणि सुरुवात केली.

माझा डोळा लागला नाही. इतकं सावकाश होतं की शब्द कळत होते. एका गावात देवीची पूजा बसली होती. सगळं घर आसनं टाकून बसलं होतं. देवी वाटसरू होऊन त्यांच्या दारात आली. मळकी, पाय फुटलेली. तिने पाणी मागितलं. पूजेत बसलेले कोणी उठेनात. तिने परत मागितलं. घंटा जोरात वाजायला लागली. तिने तिसऱ्यांदा मागितलं, तेव्हा त्या घरची धाकटी सून उठली आणि पूजेतलाच कलश उचलून तिने बाहेर नेला. घरच्यांनी तिला बोल लावला. तेव्हा देवी बोलली.

दादाचं बोट सरकत होतं.

सकळ बैसले पूजेसी । मी तिष्ठत उभी दारासी ।
एकी उठली वेगेसी । तेथेचि मी पावले ॥

बोट थांबलं. दादाने भिंग जवळ नेलं आणि तीच ओवी परत वाचली. मग पुढची.

मोडिले जिने आसन । तेचि माझे सिंहासन ।
घोटभर उदक दान । तेणे मी तृप्त जाहले ॥

पुढे तो वाचेना. शेजारच्या घरात कोणाचा तरी टीव्ही लागला होता, तो ऐकू येत होता. तात्याने हाताने 'चालू दे' अशी खूण केली. दादाला ती दिसली नसावी. त्याने भिंग खाली ठेवलं.

"तात्या," तो म्हणाला. पोथी उघडी असताना त्याला बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. वहिनीने तोंडाला हात लावला. "हे दरसाल वाचलंय का मी?"

तात्याने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "वाचलंय की. पयला तुला पाठ हुता. पाचवा लांबडा म्हणून पळवायचास. निवदाला उशीर व्हायचा."

"त्या साली वाचलं?"

"त्या सालीबी."

दादाने माजघराच्या दाराकडे तोंड केलं. वहिनी बसली होती त्याच्या जरा पलीकडे, हौसा बसायची तिथे. त्याला तिथलं काही दिसत नव्हतं.

"ती म्हणाली हुती," तो म्हणाला. "तुम्ही वाचत हुता, मी ऐकत हुते."

माझ्या डोळ्यापुढे लिंबाखालची वाळू आली, आणि करपलेल्या भाकरीचा वास आला. ती फेडत नव्हती. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी जेवलो, झोपलो, आणि मला वाटत राहिलं की ती फेडते आहे.

"रंगा, तिचा माठ हाय न्हवं?" दादाने विचारलं.

"हाय. पालथा घातलाय."

त्याने जमिनीला हात टेकला आणि तो उठायला लागला.

"अवं, अध्याय!" वहिनी म्हणाली.

तो उठला. भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आला, वाकला, चाचपडत तांब्या शोधला आणि दोन्ही हातांनी उचलला. हळदीकुंकू त्याच्या बोटांना लागलं. उंबरा त्याला दिसत नव्हता, म्हणून मी त्याचं कोपर धरलं. तो अनवाणीच बाहेर पडला. आमच्या मागे तात्याची काठी वाजत होती.

दादाच्या घरापासून गिरणी काही लांब नाही, पण आम्हाला वेळ लागला. तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून तो पाऊल जपून टाकत होता. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर जात होते. एकाने हॉर्न वाजवला, तरी दादा कडेला झाला नाही. ट्रॅक्टरच थांबला.

मी माठ सरळ केला, आतली कोळ्याची जाळी काढली, फडक्याने पुसला आणि वाळूवर ठेवला. दादाचा हात धरून त्याला माठाच्या तोंडाशी नेला. त्याने तांब्या ओतला.

आषाढापासून कोरडा पडलेला माठ होता. आत बारीक सुर्र असा आवाज झाला. बाहेरून तळाशी एक काळसर डाग उमटला आणि हळूहळू वर चढला. दादाने आत हात घालून तळ चाचपला. नुसती ओल लागली.

"कुठं गेलं?"

"माठ प्यायला दादा. कोरडा हुता."

तो रिकामा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या बऱ्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते ऑपरेशनपासून येतंच असतं. मग त्याने तांब्या माझ्यापुढे धरला.

"आणखी आण," तो म्हणाला.